लहान मोटारीचा मान

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, संतसाहित्य, अर्थकारण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. त्या पंक्तीत 'लहान मोटार' हा विषय घेऊन उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो. मी अभियंता नाही, व्यापारीही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि तीस वर्षे वृत्तपत्रात काम केलेला माणूस आहे. यंत्र कसे चालते, हे मला सांगता येणार नाही. परंतु एकच यंत्र एका देशात डोक्यावर घेतले जाते आणि दुसऱ्या देशात धूळ खात पडते, असे का होते, हा प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे. शिवाय या विषयाशी माझा स्वतःचा एक जुना हिशेब बाकी आहे. तो मी उत्तरार्धात आपल्यापुढे मांडणार आहे.

गरजेतून जन्म

लहान मोटार जन्माला आली ती गरजेतून. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर बूलांजे यांनी १९३०च्या दशकात आपल्या अभियंत्यांपुढे ठेवलेली अट प्रसिद्ध आहे. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन मोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने जावी, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये. मध्ये महायुद्ध आले आणि काम रखडले. अखेर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही 'टू सीव्ही' मोटार लोकांपुढे आली, तेव्हा पत्रकारांनी तिची यथेच्छ थट्टा केली. शेतकऱ्याने मात्र तिला ओळखले, कारण ती त्याचे जीवन पाहून घडवली होती. १९९० पर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. पत्रकारांनी थट्टा केली, हा तपशील कृपया लक्षात ठेवावा.

इंग्लंडमध्ये १९५६च्या सुएझ संकटानंतर पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि कमी इंधनात चालणाऱ्या मोटारीचा शोध सुरू झाला. त्यातून १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली 'मिनी' आली. लांबी जेमतेम तीन मीटर, पण आत चौघे बसू शकतील अशी. ती काटकसरीची गाडी म्हणून आली. परंतु थोड्याच वर्षांत बीटल्सचे गायक ती चालवू लागले आणि १९६४ मध्ये माँटे कार्लोची अवघड शर्यत तिने जिंकली. पाहता पाहता काटकसरीची गाडी रुबाबाची झाली. २००१ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने तेच नाव घेऊन नवी मोटार आणली, ती तर सरळ श्रीमंतांसाठीच. पुढे नव्या मिनीचा आकार वाढलाच. पण मोटारीकडे पाहणारी दृष्टी त्याहून अधिक बदलली होती.

जपानची पिवळी पाटी, अमेरिकेचे लांब रस्ते

जपानने लहान मोटारीसाठी कायद्यातच स्वतंत्र वर्ग केला. त्याला 'केई' म्हणतात. लांबी ३.४ मीटरपेक्षा अधिक नको, इंजिन ६६० सीसीपेक्षा मोठे नको. त्या बदल्यात कर कमी. मोठी मोटार घेणाऱ्याला ती उभी करायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. ग्रामीण भागात केई मोटारीला बहुतेक ठिकाणी त्यातून सूट आहे. खासगी केई मोटारीची नंबराची पाटी पिवळी असते. तिथे विकल्या जाणाऱ्या दर तीन नव्या मोटारींपैकी साधारण एक या वर्गातील असते. आजी भाजीला जाते ती याच मोटारीतून आणि शेतकरी भात नेतो तोही याच वर्गातल्या छोट्या मालमोटारीतून. पिवळ्या पाटीमुळे गाडीची ओळख लांबूनच पटते, आणि तिथे ती कमीपणाची खूण मानली जात नाही.

१९७९ मध्ये सुझुकी कंपनीने तिथे 'आल्टो' आणली. किंमत देशभर एकच, ४ लाख ७० हजार येन. युक्ती अशी की, तिची नोंदणी मालवाहू वाहन म्हणून केली, त्यामुळे प्रवासी मोटारीवरील वस्तुकर वाचला. आणि ती विकली कोणाला? मुख्यतः बाजारहाट करणाऱ्या, घर सांभाळून नोकरी करणाऱ्या स्त्रियांना. जपानमध्ये आल्टो ही घरातली दुसरी गाडी होती. ही गोष्टही ध्यानात असू द्यावी, कारण हीच मोटार पुढे आपल्याकडे यायची आहे.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे अंतरे लांब, रस्ते रुंद आणि पेट्रोल स्वस्त. अशा देशात १९५९ मध्ये फोक्सवॅगनच्या 'बीटल'ची जाहिरात झळकली. पान जवळजवळ कोरे, एका कोपऱ्यात इवलीशी मोटार आणि खाली दोन शब्दांत सल्ला, की विचार लहान करा. लहानपणाचीच प्रौढी मिरवणारी ती जाहिरात आजही अभ्यासली जाते. परंतु जाहिरात समाजाची घडण बदलू शकत नाही. २००८ मध्ये पेट्रोल महागले असताना 'स्मार्ट' ही दोन आसनी मोटार अमेरिकेत आली, पहिल्या वर्षी २४ हजारांहून अधिक खपली. पेट्रोल उतरले, तशी मागणीही ओसरली आणि २०१९ मध्ये कंपनीने तिथला गाशा गुंडाळला. तिथल्या बहुसंख्य लोकांच्या लेखी लहान मोटार ही महागाईतील तडजोड होती. महागाई सरली, तडजोडही सरली.

एकच मोटार, दोन जग

आता आपल्या देशाकडे येऊ. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. ही मोटार जपानी आल्टोच्याच कुळातली. इंजिन थोडे मोठे, ७९६ सीसीचे. जपानमध्ये जी घरातली दुसरी गाडी होती, बाजारहाटाची होती, ती भारतात पहिली गाडी झाली, तीही अनेक घरांच्या पिढ्यान्पिढ्यांतली पहिली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या मध्यमवर्गाला स्वस्त नव्हेच. ज्यांच्या दारात ती प्रथम आली, त्यांच्याकडे आसपासच्या पाच-पन्नास घरांनी वळून पाहिले. गाडीपुढे नारळ फुटला, बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले गेले, चाकाखाली लिंबू ठेवले गेले, शेजाऱ्यांना पेढे वाटले गेले. मुलगी पाहायला येणाऱ्यांच्या कानावर 'त्यांच्याकडे मारुती आहे' हे आपोआप जात असे. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर पंचवीस लाखांहून अधिक मारुती ८०० तयार झाल्या होत्या. आपल्याकडे मोटार म्हणजे घराने चढलेली एक पायरी होती, हे त्या तीस वर्षांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. टाटांची 'इंडिका' १९९८च्या अखेरीस बाजारात आली. आराखडा भारतात ठरलेला, बाह्यरूपाला इटलीतील रचनाकारांचे साहाय्य, यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातील निसानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली. ॲम्बेसेडरची ऐसपैस जागा, झेनचा आटोपशीर आकार आणि डिझेलचा कमी खर्च, ही तिची कल्पना. मोठे कुटुंब, पाहुण्यांचा राबता आणि लग्नसराईतले प्रवास पाहून ही मोटार रचली होती. म्हणून ती इथे चालली. हीच पुण्यात बनलेली मोटार काही फेरफार करून २००३ मध्ये इंग्लंडमध्ये 'सिटीरोव्हर' या नावाने विकायला ठेवली गेली. किंमत ६,४९५ पौंडांपासून पुढे. भारतातील किमतीच्या मानाने ती फारच चढी होती आणि तेवढ्या पैशांत इंग्रज ग्राहकाला अधिक सुबक मोटारी मिळत होत्या. त्याला ऐसपैस जागेचे अप्रूप नव्हते. त्याने आतील प्लास्टिकचा कस पाहिला आणि पाठ फिरवली. एप्रिल २००५ मध्ये रोव्हर कंपनीच बुडाली. मोटार तीच, मात्र तिला विचारला गेलेला प्रश्न वेगळा होता.

तिसरे उदाहरण नाशिकचे. रेनो कंपनीने रुमानियातील डाचिया कारखान्यात २००४ मध्ये 'लोगान' आणली. पाच हजार युरोंच्या आसपास किंमत, साधी, दणकट. पूर्व युरोपसाठी केलेली ही मोटार पश्चिम युरोपातल्या खाऊनपिऊन सुखी घरांनीही उचलली. 'विनाकारण पैसे कशाला घालवायचे?' असे म्हणत जर्मन आणि फ्रेंच माणूस डाचिया घेतो आणि त्यात आपला शहाणपणा मानतो. त्याच कंपनीची 'सँडेरो' २०२४ मध्ये युरोपात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली. हीच लोगान २००७ मध्ये महिंद्रांच्या सहकार्याने नाशिकला बनू लागली. चार मीटरच्या आतील लहान मोटारींना २००६ पासून उत्पादन शुल्कात जी सवलत होती, ती सव्वाचार मीटरच्या लोगानला मिळाली नाही. पण खरी अडचण पुढेच होती. डिकी प्रशस्त आणि खर्च कमी, म्हणून टॅक्सीवाल्यांना ती पसंत पडली. आणि टॅक्सीवाल्याने घेतलेली मोटार कुटुंबवत्सल माणूस दारात उभी करीना. 'शेजारी विचारतील, भाड्याने आणली का?' युरोपात जो साधेपणा शहाणपण ठरला, तोच आपल्याकडे उणेपणा ठरला.

लाखाची गाडी

बंधू-भगिनींनो, आता तो हिशेब.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटा यांनी 'नॅनो' सादर केली. पावसात स्कूटरवरून चाललेले एक कुटुंब त्यांनी पाहिले, पुढे उभे असलेले मूल, मागे पत्नी आणि कडेवर दुसरे लेकरू, आणि या माणसांना सुरक्षित प्रवास देता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. त्या रात्री मी वृत्तपत्राच्या कचेरीत होतो. बातमीला शीर्षक द्यायचे काम माझ्याकडे होते. पावसातले कुटुंब, दुचाकी, सुरक्षितता हे सारे बातमीच्या मजकुरात होते. मी शीर्षक दिले, 'जगातली सर्वांत स्वस्त मोटार आली'. दुसऱ्या दिवशी देशातल्या बहुतेक वृत्तपत्रांनी थोड्याफार फरकाने हेच म्हटले होते. कोणी 'लाखाची गाडी' म्हटले, कोणी 'लखटकिया'. आम्हांला ते शब्द फार आवडले होते.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आम्ही चौघे एकाच स्कूटरवरून हिंडलो; मी पुढे उभा, धाकटी बहीण आई-वडिलांच्या मध्ये. टाटांनी पाहिलेले कुटुंब म्हणजे आमचेच कुटुंब होते. २००९ मध्ये नॅनोचे बुकिंग सुरू झाले तेव्हा अण्णा सेवानिवृत्त झाले होते, तरीही रोज स्कूटर काढत. मी उत्साहाने म्हटले, "अण्णा, तुमच्यासाठी नॅनो नोंदवतो."

ते काही बोलले नाहीत. उठले, कपाटातून त्यांची फाइल काढली. माझ्या बातम्यांची कात्रणे ते त्यात जपून ठेवत. जानेवारी २००८चे ते कात्रण त्यांनी माझ्यापुढे धरले.

"हे शीर्षक तूच दिलंस ना?"

"हो."

"मग ऐक. मी जन्मभर स्कूटर चालवली, त्याची मला लाज नाही. पण गाडी घ्यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने म्हणायचं, मास्तरांनी जगातली सगळ्यात स्वस्त गाडी घेतली. हे नको रे बाबा."

मी बरेच समजावले. त्यांनी ऐकले नाही. २०११च्या पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर वळण घेताना त्यांची स्कूटर घसरली. खुब्याचे हाड मोडले. पुढे ते काठी घेऊन चालत राहिले. स्कूटर मात्र कायमची सुटली. त्या अपघाताला पाऊस कारण होता, रस्ता कारण होता. मी कोणाला दोष देत नाही. परंतु त्या कात्रणाचा विषय निघाला की मला आजही मान वर करता येत नाही.

नॅनोच्या अपयशाची इतर कारणेही होती आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. पश्चिम बंगालमधील सिंगूरहून कारखाना गुजरातमधील साणंदला न्यावा लागला, त्यात मोलाचा काळ गेला. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या घटना घडल्या. किंमत लाखाच्या पुढे सरकत गेली. आरंभी डिकी बाहेरून उघडतही नव्हती. पण नोंदणीसाठी दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले होते, हे विसरून चालणार नाही. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख मोटारींची. आणि सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, विक्री झाली ७४ हजारांच्या आसपास. २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबले. 'सर्वांत स्वस्त' ही ओळख मोटारीला चिकटली हे चुकले, असे रतन टाटा यांनी पुढे स्वतः जाहीरपणे मान्य केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा हेतू निर्मळ होता. त्या हेतूला आम्ही दिलेले नाव मात्र हलके होते.

स्वस्त आणि आपली

कोणी म्हणेल, गरिबांसाठी केलेली मोटार अशीच पडणार. तसे नाही. जुलै २०२० मध्ये चीनमध्ये वूलिंग कंपनीने एक छोटी विजेरी मोटार आणली. लांबी तीन मीटरहून कमी, किंमत २८,८०० युआनपासून, म्हणजे त्या वेळचे सुमारे तीन लाख रुपये. ही कंपनी त्याआधी खेड्यापाड्यांत मालवाहू गाड्या विकण्यासाठी ओळखली जाई. तिने 'स्वस्त'चा डांगोरा पिटला नाही. शहरात गाडी उभी करायला जागा नाही, हिला ती सहज मिळेल, हे तिने सांगितले. पुढच्या वर्षी ती मोटार मिठाईसारख्या फिकट रंगांत आणली. मोठ्या संख्येने तरुण स्त्रियांनी ती घेतली, आपल्या आवडीने रंगवली, सजवली. मोटार स्वस्तच होती. पण घेणाऱ्याला ती 'आपली' वाटली.

आणि आपल्याकडे? ज्या कंपनीने नॅनो केली, त्याच कंपनीची 'पंच' २०२४ मध्ये भारतात सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली. तिची लांबी चार मीटरहून कमीच आहे. मोजमापाने ती लहान मोटारच. पण ती उंच आहे, रुंद छातीची आहे, खड्ड्यांच्या रस्त्यावर न डगमगता उभी राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु कर कमी केल्याने फक्त किंमत कमी होते. आपल्या ग्राहकाला केवळ कमी किंमत नको असते, हे नॅनोने शिकवले आणि पंचने सिद्ध केले.

मित्रहो, लहान मोटारीला सर्व जगात एकच अर्थ नाही. फ्रेंच शेतकऱ्याला ती सोबती वाटली, जपानी गृहिणीला सोय, अमेरिकन माणसाला तडजोड, जर्मन माणसाला शहाणपण, चिनी तरुणीला हौस. आपल्या माणसाला ती घराची प्रतिष्ठा वाटते. यातला कोणताही अर्थ उच्च किंवा नीच नाही. ज्याला त्या समाजात काही विकायचे आहे, काही बनवायचे आहे किंवा आमच्यासारखे काही लिहायचे आहे, त्याने तो अर्थ आधी समजून घेतला पाहिजे. आपल्या माणसाची गरज मोजता येते. त्याचा मान मोजता येत नाही, तो जपावा लागतो.

आपण सारे समाजात काम करणारी माणसे आहोत. कोणाला मदत पोहोचवतो, कोणाच्या मुलाची फी भरतो, कोणाला वस्तू देतो. ते देताना 'गरिबांसाठी', 'स्वस्तातले' असे शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातात. तिथे थोडे थांबावे, एवढेच माझे सांगणे आहे. घेणाऱ्याच्या हातात वस्तू जाते, तेव्हा तिच्यावर आपण लावलेली चिठ्ठीही जाते, आणि पुष्कळदा त्या चिठ्ठीपायी तो हात मागे घेतो.

अण्णांची ती फाइल आता माझ्याकडे आहे. जानेवारी २००८चे कात्रण मी तसेच ठेवले आहे. नवा उपसंपादक कामावर रुजू झाला, की मी त्याला ते दाखवतो आणि विचारतो, याला दुसरे शीर्षक काय देता आले असते? परवा एका मुलीने क्षणभर विचार करून लिहिले, 'आता पावसात भिजायला नको'. अण्णांनी ते वाचले असते, तर बहुधा मला म्हणाले असते, नोंदव.